डोंगराचा नकाशा हलका करतांना पाणी हरवूं नये

मोखाडा आणि जव्हार या तालुक्यांत पाऊस कमी पडतो असें कोणीही म्हणणार नाहीं. वर्षाकाठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर, आणि कित्येक वर्षीं त्याहूनही अधिक, पाऊस या डोंगराळ मुलखावर पडतो. तरी होळी उलटली कीं विहिरींचे तळ दिसूं लागतात, आणि पुष्कळ पाड्यांतील बायकांस हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर जावें लागतें किंवा टँकरची वाट पाहावी लागते. याचें कारण येथील भूमीच्या घडणींत आहे. काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले, त्यांवर माती थोडी; एका माळावरून कड्याखालीं व तेथून खालच्या माळावर असें पाणी पायऱ्या उतरत जातें, आणि पावसाळा सरतां सरतां त्याचा बहुतेक भाग खोल दऱ्यांतून समुद्राकडे निघून गेलेला असतो. नागली-वरईचें वरकस रान आणि ओहोळाकांठचीं भाताचीं खाचरें या दोहोंचेंही भवितव्य तें पाणी कोठें अडवितां येईल यावर अवलंबून आहे.

कोणत्या सोंडेवर चर खणावे, कोणत्या ओहोळावर बांध घालावा, शेततळें कोठें घ्यावें, हें ठरविण्याचें काम पूर्वीं जागेवर उभें राहून होत असे. आतां त्याचा आरंभ बहुधा संगणकावरील नकाशानें होतो. डिसेंबर २०१४ मध्यें राज्य शासनानें सुरू केलेल्या जलयुक्त शिवार अभियानांत, तसेंच पाणलोट विकासाच्या इतर योजनांत, 'माथा ते पायथा' हें तत्त्व मानलेलें आहे. म्हणजे पाणलोटाच्या माथ्यावर प्रथम काम करावयाचें व मग क्रमानें खालीं उतरावयाचें. परंतु माथा कोणता आणि पायथा कोणता हें नकाशा सांगतो, आणि तो नकाशा संगणकाच्या सोयीसाठीं पुष्कळदां हलका केलेला असतो. हलका करण्याची रीत चुकली तर माथाच आपली जागा सोडतो. ही रीत कशी असते, तींत काय राखलें पाहिजे, आणि गांवचा आराखडा मंजूर होण्यापूर्वीं जमीनधारकानें काय विचारावें, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अंकनकाशा म्हणजे काय

कागदी नकाशांत उंची समोच्चरेषांनीं दाखवितात. संगणकी नकाशांत रेषांऐवजीं आंकडे असतात. सर्व मुलूख सारख्या आकाराच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनास समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा एक आंकडा दिलेला असतो. शासकीय कागदांत यास 'डिजिटल एलिव्हेशन मॉडेल' म्हणतात. आपण त्यास येथें अंकनकाशा म्हणूं.

हा चौकोन केवढा, हें शेतकऱ्यानें आपल्या मापांत समजून घ्यावें. १० मीटर बाजूचा चौकोन म्हणजे जवळ जवळ एक गुंठा. ३० मीटर बाजूचा म्हणजे सुमारें नऊ गुंठे. ९० मीटर बाजूचा म्हणजे दोन एकर. ज्या नकाशांत दोन एकरांस मिळून एकच उंची दिलेली आहे, त्यांत दहा हात रुंदीचा ओहोळ किंवा पायऱ्यापायऱ्यांचीं खाचरें दिसण्याचा संभव नाहीं, हें वेगळें सांगावयास नको.

आपल्याकडे वापरांत असलेले दोन अंकनकाशे सांगण्यासारखे आहेत. फेब्रुवारी २००० मध्यें 'एंडेव्हर' या अमेरिकन अंतराळयानानें अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरून रडारच्या साहाय्यानें जगांतील बहुतेक भूभागाची उंची मोजली. अमेरिकेबाहेरील प्रदेशांचे आंकडे प्रथम ९० मीटरच्या चौकोनांत प्रसिद्ध झाले. ३० मीटरचे आंकडे २०१४ पासून खुले होऊं लागले. दुसरा नकाशा आपल्या देशाचा आहे. ५ मे २००५ रोजीं श्रीहरिकोटा येथून 'कार्टोसॅट-१' हा उपग्रह सोडण्यांत आला. त्यावर दोन कॅमेरे होते. एक पुढें २६ अंश व दुसरा मागें ५ अंश कललेला. दोन डोळ्यांनीं पाहिलें असतां आपणांस जसें अंतर कळतें, तशी या दोन चित्रांतील फरकावरून भूमीची उंची काढतां येते. त्यापासून केलेला ३० मीटरचा अंकनकाशा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 'भुवन' या संकेतस्थळावर खुला करण्यांत आला. त्याची अचूकता अशी सांगतात कीं, दहांपैकीं नऊ ठिकाणीं उंचीची चूक ८ मीटरांच्या आंत असते. शेजारशेजारच्या चौकोनांमधील परस्पर चूक याहून कमी असते, म्हणूनच असा नकाशा उपयोगीं पडतो. तथापि हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

आणखी दोन गोष्टी येथेंच सांगून ठेवतों. उपग्रहास दाट रानांत भूमी दिसत नाहीं, झाडांचे शेंडे दिसतात; त्यामुळें सागवानाच्या रानाचा माथा नकाशांत खऱ्यापेक्षां उंच येतो, आणि रान तुटलेल्या जागीं खोटी पायरी दिसते. दुसरें असें कीं, नकाशा ज्या सालच्या मापनाचा असेल त्या सालचीच भूमी दाखवितो. मोखाड्याच्या सीमेवर वैतरणेस अडविणारें मध्य वैतरणा धरण २००० सालानंतर झालें; म्हणून त्या सालच्या मापनांत त्याचा जलाशय नाहीं, तेथें जुनी दरीच आहे.

नकाशा हलका कां करावा लागतो

५०० हेक्टरांचा एक लहान पाणलोट घ्या. ९० मीटरच्या नकाशांत त्याचे सुमारें ६०० आंकडे होतात; ३० मीटरच्या नकाशांत सुमारें ५,५००; १० मीटरच्या नकाशांत ५०,०००; आणि हल्लीं ड्रोननें होतें तशी मोजणी १ मीटरच्या चौकोनांत केली तर ५० लाख. पाण्याचा हिशेब करतांना संगणकास प्रत्येक चौकोनाचे आठही शेजारी तपासून सर्वांत खालचा शोधावा लागतो, आणि पाऊस बदलून तोच हिशेब पुनः पुनः करावा लागतो. एका पाणलोटाचें ठीक आहे. पण सबंध तालुक्याचा हिशेब करावयाचा, नकाशा मोबाईलवर उघडावयाचा, डोंगरांतल्या मंद इंटरनेटवरून पाठवावयाचा, तर भार उतरविणें भागच आहे.

शिवाय हे सर्व आंकडे सारख्या मोलाचे नसतात. सपाट माळाच्या मध्यावरील हजार आंकडे एकच गोष्ट हजार वेळां सांगतात. त्याच माळाच्या कडेवरील वीस आंकडे मात्र कडा कोठें तुटतो हें सांगतात. तेव्हां आंकडे कमी करणें हा दोष नव्हे. कोणते आंकडे टाकले यावर सर्व कांहीं अवलंबून आहे.

सरासरीनें होणारा घोळ

हलकें करण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिलींत दर तिसरा आंकडा ठेवून बाकीचे टाकतात. दुसरींत नऊ चौकोनांची सरासरी काढून एक मोठा चौकोन करतात. दोन्हींत सारें काम यंत्रवत् होतें आणि कोणताही विचार करावा लागत नाहीं, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. आमच्यासारख्या पायऱ्यांच्या मुलखांत त्या काय करतात हें उदाहरणानें पाहूं.

समजा, एक ओहोळ अरुंद दरींतून वाहत आहे. ३० मीटरच्या नकाशांत दरीचा तळ एकाच चौकोनाच्या रुंदीचा आहे. नऊ चौकोनांचा एक गट घेतला. त्यांत डाव्या कांठाची उंची ३२४, ३२३, ३२२ मीटर; तळाची ३०६, ३०५, ३०४; उजव्या कांठाची ३२६, ३२५, ३२४. बेरीज २,८५९ होते आणि सरासरी सुमारें ३१८ येते. ओहोळाचा तळ ३०५ असतां नव्या नकाशांत तो ३१८ झाला. म्हणजे १३ मीटर वर आला. एवढ्यानें बिघडलें नसतें. पण त्याच ओहोळाचा खालचा गट पाहा. तेथें दरी अधिक उभ्या कांठांची आहे: डावा कांठ ३३६, ३३५, ३३४; तळ ३०३, ३०२, ३०१; उजवा कांठ ३३८, ३३७, ३३६. बेरीज २,९२२ आणि सरासरी जवळ जवळ ३२५.

प्रत्यक्षांत ओहोळ ३०६ पासून ३०१ पर्यंत सरळ उतरत आहे. सरासरीच्या नकाशांत तो ३१८ वरून ३२५ वर चढूं लागला! पाणी चढत नाहीं हें संगणकास ठाऊक असतें. म्हणून तो असें समजतो कीं येथें ७ मीटरांचा बांध आहे व त्यामागें खळगा आहे. असले खळगे भरून काढण्याची पद्धत १९८८ सालीं अमेरिकेंत जेन्सन व डोमिंग्यू यांनीं मांडली व ती सर्वत्र रूढ झाली. तिच्या योगें संगणक तो खळगा काल्पनिक पाण्यानें कांठोकांठ भरतो आणि जेथून तें आधीं सांडेल तेथून प्रवाह पुढें नेतो. ही जागा खरी असेलच असें नाहीं. प्रवाह शेजारच्या सोंडेवरून पलीकडच्या ओहोळांत उतरलेलाही दिसूं शकतो. असा नकाशा पाहून कोणी बांधाची जागा सुचविली, तर कागदावर पाणी असलेल्या पण प्रत्यक्षांत कोरड्या ओहोळावर बांध उभा राहील.

धारेचें याच्या उलट होतें. डोंगराची अरुंद धार ही दोन्ही बाजूंच्या उतारांत मिळून बुटकी होते आणि तिची रेषा इकडे तिकडे सरकते. ही गोष्ट आमच्या भागांत किरकोळ नव्हे. जव्हार-मोखाड्याच्या उत्तरेकडील वाघ व लेंडी या नद्यांचें पाणी दमणगंगेस मिळून दमणजवळ समुद्रास जातें. दक्षिणेकडील पिंजाळ व गारगाई या नद्या वैतरणेस मिळतात. पूर्वेस त्र्यंबकच्या डोंगरांपलीकडे गोदावरीचें खोरें सुरू होतें, आणि तिकडचें पाणी सबंध द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळतें. म्हणजे एका धारेच्या अलीकडे किंवा पलीकडे पाऊस पडला यावर तें पाणी कोणत्या नदीचें हें ठरतें. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पाचा जो सविस्तर अहवाल राष्ट्रीय जलविकास अभिकरणानें २०१४ सालीं पुरा केला, त्यांत दमणगंगेवर भुगड येथें व वाघ नदीवर खारगीहिल येथें जलाशय करून तें पाणी बोगद्यांनीं पिंजाळ खोऱ्यांत आणावें अशी योजना आहे. बोगदा कां लागतो? मध्यें ती धार आहे म्हणून. जी धार फोडण्यास एवढा खटाटोप करावा लागतो, ती सरासरी काढणारा संगणक क्षणांत बुटकी करतो.

जुन्या मोजणीदारांची रीत

उपग्रह नव्हते त्या काळीं हें काम कसें होत असे हें पाहिल्यास मर्म कळतें. भारतीय सर्वेक्षण खात्याची स्थापना १७६७ सालची. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणांच्या मोजणीस आरंभ केला, आणि पुढें ती मोजणी सर्व देशभर पसरली. उंच शिखरांवर ठाणीं मांडून त्यांमधील त्रिकोण सोडवीत हे लोक पुढें सरकत. मागाहून तपशील भरणारा मोजणीदार प्लेन टेबल घेऊन रानांत जाई, तेव्हां तो दर तीस पावलांवर उंची घेत नसे. तें शक्यही नव्हतें. तो शिखर घेई, दोन शिखरांमधील खिंड घेई, दोन ओहोळांचा संगम घेई, आणि उतार जेथें एकाएकीं बदलतो ती जागा घेई. मधली भूमी या जागांवरून आपोआप समजते हें त्यास अनुभवानें ठाऊक होतें.

या अनुभवास गणिताचें रूप दोन इंग्रज व स्कॉटिश पंडितांनीं दिलें. आर्थर केली यानें १८५९ सालीं समोच्चरेषा व उताररेषा यांवर लेख लिहिला, आणि विजेच्या शास्त्रामुळें प्रसिद्ध असलेला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८७० सालीं डोंगर व दऱ्या यांवर. प्रत्येक खिंडींतून दोन रेषा वर चढत शिखरांकडे जातात. त्या धारा होत. दोन रेषा खालीं उतरतात. त्या ओहोळांच्या वाटा होत. म्हणून खिंड हा भूमीच्या सांगाड्याचा सांधा आहे. यांतून एक मौजेचा हिशेब निघतो. चहूंकडे समुद्र असलेल्या बेटावर बंद खळगे नसतील, तर शिखरांची संख्या साध्या खिंडींच्या संख्येपेक्षां बरोबर एकानें अधिक भरते. एक शिखर असेल तर खिंड नाहीं; दोन असतील तर एक; तीन असतील तर दोन.

याचा उपयोग असा कीं, नकाशा हलका करतांना एकटी खिंड किंवा एकटें शिखर टाकतां येत नाहीं. जोडी टाकावी लागते. एखादी टेकडी आपल्या खिंडीपेक्षां फक्त दोन मीटर उंच असेल, तर ती टेकडी व ती खिंड मिळून काढून टाकावी. जी शंभर मीटर उंच आहे तिला हात लावूं नये. या जोड्यांची प्रतवारी लावण्याची पक्की रीत एडेल्सब्रुनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं दिली. मोजणीदार जें नजरेनें करीत असे, तें आतां संगणकास करतां येतें. मात्र तसें करण्यास त्यास सांगितलें पाहिजे.

दोरीची व त्रिकोणांची रीत

ज्या रीतीनें महत्त्वाचे बिंदु निवडतात ती समजण्यास कठीण नाहीं. प्रथम एक वांकडीतिकडी रेषा घ्या, जशी ओहोळाची. तिच्या दोन टोकांस दोरी ताणून बांधली अशी कल्पना करा. ओहोळ दोरीपासून सर्वांत दूर जेथें गेला असेल तेथें एक खुंटी ठोका व दोरी तिच्यावरून न्या. आतां दोन भाग झाले; प्रत्येकांत पुनः तेंच करा. कोणतेंही वळण दोरीपासून ठरविलेल्या अंतरापेक्षां, समजा दहा मीटरपेक्षां, दूर राहिलें नाहीं कीं थांबा. सरळ भागांत खुंट्या थोड्या लागतात व वळणांत अधिक. हीच रीत डग्लस व पॉइकर यांनीं कॅनडांत १९७३ सालीं मांडली.

भूमीसाठीं दोरीच्या जागीं ताणलेलें कापड धरा. मुलखाच्या चार कोपऱ्यांवर दोन मोठे त्रिकोण पसरले. खरी भूमी या कापडापासून जेथें सर्वांत वर किंवा खालीं असेल तेथें खांब रोवावा. तेथें नवे त्रिकोण होतात. पुनः सर्वांत मोठी चूक शोधावी, पुनः खांब रोवावा. चूक ठरविलेल्या मर्यादेंत आली कीं थांबावें. अमेरिकेंतील गारलँड व हेकबर्ट यांनीं ही रीत जलद कशी करावी हें १९९५ सालीं दाखविलें. तिच्यांत माळावर मोठे त्रिकोण येतात, कड्यावर व दरींत लहान लहान. आंकडे कित्येक पटींनीं कमी होऊनही डोंगर डोंगरासारखाच राहतो.

तथापि या रीतीसही एक उणीव आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें तीच मुख्य होय. ती फक्त उंचीची चूक पाहते. तीनशे फूट खोल दरीच्या कांठावर पांच मीटरची चूक झाली तरी पाणी जेथें जावयाचें तेथेंच जातें. पण खोडाळा किंवा सूर्यमाळ येथील उंच माळावर दीड मीटरचा उंचवटा दोन ओहोळांचें पाणी वेगळें करीत असेल, तर पांच मीटरच्या मर्यादेंत तो उंचवटा निःशंकपणें पुसला जातो आणि दोन पाणलोट एक होतात. म्हणून चूक किती मीटरांची एवढेंच विचारून भागत नाहीं; ती कोठें पडली हें विचारावें लागतें.

यावर उपाय असा. हलकें करण्यापूर्वींच मूळ, पूर्ण तपशिलाच्या नकाशावरून ओहोळ, धारा, खिंडी व कड्यांच्या कडा शोधून काढाव्या. त्या रेषा दोरीच्या रीतीनें साध्या कराव्या. मग त्रिकोण मांडतांना संगणकास बंधन घालावें कीं कोणत्याही त्रिकोणानें या रेषा ओलांडूं नयेत; रेषा या त्रिकोणांच्या बाजूच झाल्या पाहिजेत. अशानें ओहोळ ओहोळच राहतो व धार धारच. उरलेली भूमी मग वरील रीतीनें भरावी. ज्यांस चौकोनांचाच नकाशा हवा असेल, त्यांच्यासाठीं ऑस्ट्रेलियाच्या हचिन्सन यांनीं १९८९ सालीं दिलेली रीत आहे. तींत ओहोळांच्या रेषा पुरविल्या कीं पाणी त्या वाटेनें अखंड उतरेल अशीच भूमी संगणक घडवितो. शेवटीं हलक्या झालेल्या नकाशावरून ओहोळ पुनः काढून मूळच्या ओहोळांशीं ताडून पाहावे. ही शेवटची पायरी गाळण्याचा मोह पुष्कळांस होतो. ती गाळूं देऊं नये.

ड्रोनच्या बारीक नकाशांतही एक गोष्ट हातानें दुरुस्त करावी लागते. रस्त्याच्या भरावाखालून मोरींतून पाणी जातें, पण वरून पाहणाऱ्या ड्रोनला भराव दिसतो, मोरी दिसत नाहीं. नकाशांत तो भराव बांध होऊन बसतो. मोरी कोठें आहे हें गांवकऱ्यांनीं सांगितल्याशिवाय कळणार नाहीं.

चुकीची किंमत

याचा पैशाशीं व पिकाशीं काय संबंध, तें एका हिशेबानें स्पष्ट होईल. समजा, एका सिमेंट नाला बांधाच्या वरचा खरा पाणलोट ४० हेक्टरांचा आहे. पण धार सरकल्यामुळें नकाशांत तो ३० हेक्टरांचा दिसला. एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यांतील निम्मा वाहून गेला असें धरूं. ३० हेक्टरांवरून १५,००० घनमीटर पाणी येईल. ४० हेक्टरांवरून २०,०००. सांडवा पहिल्या आंकड्यावर बेतला असेल, तर ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर, अधिक पाण्याची सोयच नाहीं. आमच्याकडे १०० मिलिमीटरचा दिवस दुर्मिळ नाहीं. असें पाणी बांधाच्या बगलेनें वाट काढतें, कांठ कापतें आणि खालच्या खाचरांत दगडगोटे व रेती टाकून जातें. खाचराची माती पिढ्यान् पिढ्या बांध घालून सांठविलेली असते. ती एका रात्रींत जाते व पुनः लवकर येत नाहीं. उलट चूक झाली, म्हणजे लहान पाणलोट मोठा दिसला, तर बांध भरतच नाहीं आणि खर्च वायां जातो.

सलग समतल चरांचें काम तर याहून नाजूक आहे. चर साधारणतः ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असतो. त्याच्या दोन टोकांत ३० सेंटिमीटरचा फरक पडला कीं वरचें टोक कोरडें राहतें आणि खालचें फुटतें. ज्या नकाशाची चूक मीटरांत मोजावी लागते, त्यावरून चराची ओळ आंखणें शक्य नाहीं. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या कागदी नकाशांतही डोंगराळ भागीं समोच्चरेषा २० मीटरच्या अंतरानें असतात. नकाशानें सोंड निवडावी. चराची ओळ जागेवर पातळी लावूनच धरावी.

जमीनधारकानें काय विचारावें

गांवचा आराखडा ग्रामसभेंत वाचला जातो तेव्हां पुढील प्रश्न अवश्य विचारावे. त्यांस उत्तरें देणें जाणत्या तंत्रज्ञास अवघड नाहीं.

१. मूळ नकाशा कोणत्या सालच्या मापनाचा आहे, आणि त्याचा चौकोन किती मीटरांचा आहे?

२. तो हलका केला आहे काय? केला असल्यास आंकडे गाळून, सरासरी काढून, कीं त्रिकोणांच्या रीतीनें?

३. ओहोळ, धारा, खिंडी व कडे आधीं राखून ठेवले होते काय?

४. सर्वांत मोठी चूक किती मीटरांची, आणि ती कोठें आहे? नुसती सरासरी चूक सांगितल्यास समाधान मानूं नये; सरासरीनें मोठी चूक झांकली जाते.

५. हलक्या नकाशांतील ओहोळ मूळ नकाशाशीं व गांवनकाशांतील नाल्यांशीं ताडून पाहिले काय?

याखेरीज गांवानें स्वतः करावयाची परीक्षाही आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला कीं दोघांचौघांनीं आराखड्याची प्रत घेऊन शिवारांत फिरावें. दोन ओहोळांचे संगम, माळावरील पाणी फुटण्याच्या जागा, कड्यावरून धार पडण्याच्या जागा आणि रस्त्याच्या मोऱ्या, अशा दहा-वीस ठिकाणीं नकाशा व पाणी यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहून खूण करावी. जेथें मेळ बसत नाहीं तेथें मोजणी पुनः मागावी. पाणी कोणीकडे फुटतें हें त्या रानांत गुरें राखणाऱ्यास जेवढें ठाऊक असतें तेवढें उपग्रहास नसतें; तेव्हां त्यास बरोबर घ्यावें.

चरांची ओळ तपासण्यास मोठें यंत्रही लागत नाहीं. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधून खालीं फांकवाव्या, मध्यें एक आडवी पट्टी बांधावी, आणि वरच्या टोकापासून दगडाचा ओळंबा सोडावा. चौकट जमिनीवर उभी करून दोरी पट्टीवर जेथें येते तेथें खूण करावी; मग पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर उभी करावी व दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मध्यें तिसरी खूण केली कीं ती पातळीची खूण झाली. दोरी त्या खुणेवर येईल तेव्हां दोन्ही पाय एका पातळींत आहेत असें समजावें. अशा चौकटीनें पाऊल पाऊल पुढें जात सबंध सोंडेवरील चराची ओळ पडताळून पाहतां येते, आणि हें काम गांवांतील तरुणांस एका दिवसांत शिकतां येतें.

अंकनकाशे आपल्या फायद्याचे आहेत यांत शंका नाहीं. पूर्वीं ज्या दऱ्यांत मोजणीदार वर्षानुवर्षें पोंचत नसे, त्यांचाही उतार आतां कोणासही घरीं बसून पाहतां येतो. परंतु नकाशा हलका करणारा मनुष्य दूर असतो, आणि बांध फुटला तर खाचर आपलें जातें. यंदाच्या पावसापूर्वीं ज्या गांवांचे आराखडे तयार होत असतील, त्यांनीं वरील पांच प्रश्न लेखी विचारून उत्तरें ग्रामसभेच्या इतिवृत्तांत नोंदवून घ्यावीं, म्हणजे पुढें कोणत्या बांधाची जागा कोणत्या आधारावर ठरली हें सर्वांस पाहतां येईल.